विश्लेषण : वृद्ध रुग्णांसाठी हृदयाचा यांत्रिक पंप किती उपयोगी?

हृदय निकामी होत चाललेय, औषधे पुरेशी पडत नाहीत आणि सत्तरी ओलांडल्याने प्रत्यारोपणाची शक्यताही कमी. अशा रुग्णांसाठी ‘एलव्हॅड’ हा पंप पर्याय ठरू शकतो. मात्र त्याच्या अटी आधीच समजून घ्यायला हव्यात.

पंप कसा चालतो?

हा पंप हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून रक्त ओढून महाधमनीत सोडतो. ‘हार्टमेट ३’ या पंपातले चाक चुंबकीय बलावर तरंगत फिरते. त्यामुळे घर्षण टळते आणि पंपात गुठळी होण्याचा धोका घटतो. पोटाच्या त्वचेतून बाहेर येणारी तार कंट्रोलर आणि बॅटऱ्यांना जोडलेली असते. रक्तप्रवाह सलग असल्याने अनेकदा मनगटावर नाडी लागत नाही.

आयुष्य किती वाढते?

प्रत्यारोपण शक्य नसलेल्या १२९ रुग्णांवरचा ‘रीमॅच’ अभ्यास अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर पंपावरचे ५२ टक्के, तर औषधांवरचे २५ टक्के रुग्ण हयात होते. दोन वर्षांनी हेच प्रमाण २३ आणि ८ टक्के होते. पंप सुधारत गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ‘हार्टमेट ३’वरचे सुमारे ५८ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात होते. मात्र या अभ्यासात तुलनेने तरुण रुग्णही होते.

अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांना २०१० मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी असा पंप बसवला गेला. २०१२ मध्ये त्यांचे हृदय प्रत्यारोपण झाले.

धोके कोणते?

पक्षाघात, पोटातील रक्तस्राव, तारेच्या जागी जंतुसंसर्ग आणि हृदयाची उजवी बाजू कमकुवत होणे. रक्त पातळ करणारी गोळी कायम घ्यावी लागते. पोहता येत नाही. वृद्धांमध्ये मूत्रपिंडे, स्मरणशक्ती आणि एकूण अशक्तपणाही तपासावा लागतो, कारण पंप फक्त हृदयाला आधार देतो.

भारतात अडचण काय?

पंप परदेशातून येतो आणि खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर जातो. शिवाय चार्जिंगसाठी खात्रीची वीज, तारेची जखम रोज स्वच्छ करणारे घरचे माणूस आणि गाठता येईल असे तज्ज्ञ केंद्र हवे. भारनियमन असलेल्या गावात बॅटरी हाच मोठा प्रश्न ठरतो.

निर्णय कसा घ्यावा?

अमेरिकेत मेडिकेअरच्या नियमांनुसार उपचार करणाऱ्या चमूत वेदनाशामक सेवेचा तज्ज्ञ असावा लागतो. पुढे प्रकृती ढासळली तर पंप केव्हा बंद करायचा, हे रुग्णाशी शस्त्रक्रियेपूर्वीच बोलून ठरवणे त्यामुळे सोपे जाते. नंतर हा निर्णय मुलांवर येऊन पडतो.