आधी झाडू, मग कीर्तन

दिवाळीच्या सुट्टीत मुले किल्ला करतात, तेव्हा त्यांना कोणी स्वयंसेवक म्हणत नाही. एक जण घमेल्यातून लाल माती आणतो, दुसरीच्या घरचे जुने गोणपाट निघते, जवळच्या बांधकामावरून विटांचे तुकडे येतात आणि कोणाच्या तरी माळ्यावरून गेल्या वर्षीचे मावळे खाली उतरतात. बुरुजांवर अळीव पेरले जातात, त्यांवर पाणी शिंपडायच्या पाळ्या ठरतात, महाराजांना सिंहासनावर कोणी बसवायचे यावरून भांडणही होते. संध्याकाळी पणत्या लागल्या की आसपासची घरे किल्ला पाहायला येतात. यातले काम कुठे संपले आणि खेळ कुठे सुरू झाला, हे त्या मुलांनाही सांगता यायचे नाही. मोठ्यांच्या सार्वजनिक जीवनात मात्र या दोन गोष्टींची फारकत झाली आहे. रविवारी सकाळी टेकडीवर रोपांना पाणी घालायला नेहमीचीच दहाबारा माणसे असतात; त्याच वस्तीच्या मैदानावर संध्याकाळी ऑर्केस्ट्रा किंवा ‘खेळ पैठणीचा’ असला की खुर्च्या पुरत नाहीत. सकाळच्या मंडळींना वाटते लोकांना समाजाची फिकीर नाही, आणि संध्याकाळच्यांना वाटते ही मंडळी फार गंभीर. आमच्या मते दोघांचे नुकसान एकाच कारणाने होते आहे. घरातल्या आनंदाशी नाते जडल्याशिवाय शेजाराचे काम टिकत नाही, आणि आलेल्यांच्या हाताला काम नसेल तर उत्सव वस्तीचा राहत नाही.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही, तिला शब्दही आपल्याच मातीतले आहेत. एखाद्या शेतकऱ्याची नांगरट किंवा कापणी मागे पडली की गावातले बाकीचे आपापले बैल आणि अवजारे घेऊन त्याच्या रानात उतरत. मजुरी कोणी घेत नसे. ज्याचे काम त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे. याला इर्जिक म्हणत. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे, असा श्रमाचा आणि बैलांचा फेर म्हणजे सावड. कापणीला रांग लागली की भलरी सुरू होई आणि तिच्या ठेक्यावर विळे चालत. गाण्याने काम हलके होई हे तर खरेच, पण गाण्यामुळे माणूस रांगेत टिके, हे अधिक महत्त्वाचे. मराठी बायकांचा भोंडला घ्या. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. रोज वेगळे घर, रोज वेगळी खिरापत. आळीतल्या प्रत्येक घरावर यजमानपणाची पाळी येत असे आणि कोणतेच घर फक्त प्रेक्षक राहत नसे.

गाडगेबाबांनी हेच सूत्र लोकशिक्षणात आणले, आणि त्यांचा क्रम फार विचार करण्यासारखा आहे. नव्या गावात ते पोचत ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडायचे. एक म्हातारा चिंध्या पांघरून आपले अंगण झाडतो आहे हे पाहून माणसे ओशाळत, मग पुढे येत, मग तीही झाडू उचलत. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागी कीर्तन. ते कीर्तनही असे की श्रोत्यांना गप्प बसता येत नसे. बाबा प्रश्न विचारीत, लोकांनी उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. कर्ज काढून सण करू नका, जनावरे मारू नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शाळेत घाला, हे सगळे हशा आणि टाळ्यांच्या मध्ये सांगितले जाई. 1956 साली बाबा गेले. 2000-01 मध्ये त्यांच्या नावाने राज्यात स्वच्छ गावांना बक्षिसे देणारे ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावेच्या गावे गटारे उपसायला, भिंती रंगवायला, दारात रांगोळ्या काढायला बाहेर पडली. तपासणी समिती येऊन गेल्यावर झाडलोट थंडावल्याच्या तक्रारीही तेव्हापासून ऐकू येतात. आमच्या मते ती उणीव बक्षिसाच्या योजनेतच होती. समितीची भेट वर्षातून एकदा; कीर्तन नेहमीचे असते.

अलीकडचा मोठा प्रयोग वॉटर कपचा, म्हणजे गावांमधल्या जलसंधारणाच्या स्पर्धेचा. 2016 मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत पानी फाउंडेशनने ही स्पर्धा घेतली. दोनच वर्षांत ती 75 तालुक्यांत पोचली. एप्रिल-मेच्या उन्हात 45 दिवस चर खणायचे, बांध घालायचे. दिवसा ऊन सोसत नाही म्हणून पहाटे आणि रात्री माळावर माणसे दिसत. नवरानवरी मुंडावळ्या बांधून आधी श्रमदानाला आल्याच्या बातम्या त्या काळात येत होत्या. 1 मे 2018 च्या महाश्रमदानाला शहरांतली कुटुंबे मुलाबाळांसह गावोगावी गेली. उपाशीतापाशी त्याग करणाऱ्यांचे हे दृश्य नव्हते. तिथे जत्रा भरली होती, आणि एरवी एकमेकांच्या दारात न जाणारे दोन गट एकाच चरात उभे राहिले ते त्या जत्रेमुळेच. जाणकारांनी आक्षेप घेतले आणि ते गंभीर आहेत. पाणलोटाचे शास्त्र बाजूला ठेवून यंत्रांनी नाले खोल केले गेले, जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब झाला नाही, साठलेले पाणी उसाने प्यायले. हे आक्षेप कामाच्या तंत्रावर आहेत. माणसे का आली, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी खोटे ठरत नाही. पुढे याच संस्थेने शेतकरी गटांसाठी फार्मर कप सुरू केला आणि गटांच्या तोंडी सावड, इर्जिक हे शब्द पुन्हा आले, ही आम्हाला विशेष समाधानाची गोष्ट वाटते.

शहरांत उलटा प्रवास झाला. लोकमान्यांनी 1893 मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीचा उत्सवही त्याच वर्षीचा. पुढची कितीतरी दशके या उत्सवाचा प्राण मेळे होते. वस्तीतली मुले-मुली महिनामहिना तालमी करीत, पदे कोणी रचायची, लेझीम कोणी शिकवायचे, कपडे कोणी शिवायचे, हे सारे घराघरांत वाटलेले असे. मेळ्यांतली काही पदे विखारी असत, हे लपवण्याचे कारण नाही. त्या काळाचे गौरवीकरण आम्हाला करायचे नाही. पण त्या उत्सवाला तयार करणारी माणसे आणि पाहणारी माणसे एकाच गल्लीतली होती. आज वर्गणीची पावती फाडली की घराचा संबंध संपतो. मांडव ठेकेदाराचा, देखावा कारागिराचा, आवाज भिंतीएवढ्या स्पीकरचा आणि खर्च फलकावर झळकणाऱ्या पुढाऱ्याचा. रहिवासी उरतो तो कानांत बोळे घालून बसण्यापुरता. परदेशातल्या मराठी मंडळांकडे पाहिले तर फरक कळतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचे. अशा मंडळांचा गणपती असो की दिवाळीचा मेळावा, मोदक वळण्यापासून सतरंज्या गुंडाळण्यापर्यंत सगळे सभासदच करतात. नाटकात मुलगी असते, पडदा ओढायला बाप असतो. परमुलखात हे गरजेने होते. आपल्या गावी ते ठरवून करावे लागेल.

याला पहिला विरोध ठरलेला असतो: आम्ही कर भरतो, मग रस्ता आम्ही का झाडायचा? प्रश्न रास्त आहे. नागरिकांच्या श्रमदानाने सफाई कामगाराची नोकरी जाणार असेल किंवा पालिकेला हात झटकता येणार असतील, तर ते श्रमदान करू नये. पण अनुभव बहुधा वेगळा येतो. 74 व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या, त्याला तीन दशके झाली, तरी आपल्या प्रभागाचा पैसा कशावर खर्च होतो हे बहुतेक घरांना ठाऊक नसते. गटार नेमके कुठे तुंबते, झाडांना पाण्याची जोडणी कोणी नाकारली, बागेतला दिवा किती महिने बंद आहे, हे पहिल्यांदा कळते ते काम करायला उतरलेल्यांना. जाब विचारणारा नागरिक खुर्चीवर बसून घडत नाही. मुंबईत नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचरा वेगळा करायला घेतला, तिथूनच पालिकेला गल्लीगल्लीत नागरिकांचे गट मान्य करण्याची वाट सापडली.

दुसरा आक्षेप आम्हाला सर्वांत जड वाटतो. श्रमदान कोणाचे आणि फायदा कोणाचा? जुनी सावड बैलवाल्यांची होती. ज्याच्याकडे जमीनही नाही आणि बैलही नाही, त्याच्या वाट्याला इर्जिकेऐवजी वेठ आली. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या जातीने झाडू दिला, त्यांना झाडूचे कौतुक सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. बंधारा जमीनवाल्याच्या विहिरीला पाणी देतो आणि खणायला आलेल्या भूमिहीनाचा रोज बुडतो, हेही घडते. आणि आपल्या सोसायट्यांमध्ये दिवाळीच्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडतो तो रखवालदार, त्याची पोरे फाटकाजवळ उभी राहून खेळ बघतात, आणि शे-दीडशे माणसांचे पोहे त्याच चार बायका करतात. हे बदलले नाही तर या लेखातले आमचे सगळे म्हणणे आम्ही मागे घेऊ. झाडू आधी त्याने उचलावा ज्याने तो कधी उचलला नाही. स्वयंपाकाच्या पाळीत पुरुषांची नावे असावीत. रखवालदाराच्या मुलीचे नाव संगीतखुर्चीच्या यादीत असावे आणि बक्षिसाच्या यादीतही यावे. ज्याचा रोज बुडतो त्याला श्रमदानाला बोलावू नये, किंवा त्याचा रोज भरून द्यावा.

मौजेने सेवा उथळ होते, असेही काही सज्जन म्हणतात. गाजावाजा न करता केलेल्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. पण असे काम एकट्याच्या तपावर चालते आणि तो थकला की थांबते. ज्या मुलाने शनिवारी आईबाबांबरोबर बागेतला पालापाचोळा खड्ड्यात भरला आणि त्यानंतर तिथेच लगोरी खेळली, त्याच्या आठवणीत ती बाग त्याची असते. छायाचित्रांचा सोस मात्र खरोखर घातक आहे. फलकावर नेत्याचा चेहरा आला की पुढच्या खेपेला निम्मी घरे येत नाहीत, आणि त्यांचे बरोबर असते.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या गल्लीत फटाक्यांच्या कागदांचा थर असेल. तो झाडायला सणाच्या दिवशीही सफाई कामगारच येतात. यंदा त्यांच्या आधी तासभर खाली उतरा, मुलांना घेऊन उतरा. झाडून झाले की त्याच जागी सतरंजी अंथरा, प्रत्येक घरातून एकेक डबा आणा, आणि कामगार आले की फराळाला त्यांना आपल्या शेजारी बसवा.