ताब्याची तारीख आणि शुल्काचा भार

देखभाल शुल्क, मालमत्ता कर आणि पाणीपट्टी कोणी भरायची, हा वाद वरकरणी पैशांचा दिसत असला, तरी त्याचे उत्तर सदनिकेचा ताबा केव्हा मिळाला आणि तो कायदेशीर होता का, यावर अवलंबून असते. ‘मोफा’ या नावाने परिचित असलेल्या महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका कायद्याचे कलम ३ प्रवर्तकाला, म्हणजे बांधकाम व्यावसायिकाला, पूर्णत्व प्रमाणपत्रापूर्वी ताबा देण्यास आणि खरेदीदारालाही तो घेण्यास मनाई करते; तरीही अंतर्गत सजावटीच्या नावाखाली ‘फिट-आउट’ ताबा देण्याची प्रथा रूढ झाली आणि किल्ल्यांपाठोपाठ मेंटेनन्सची बिलेही येऊ लागली.

समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्था विरुद्ध मुंबई महालक्ष्मी कन्स्ट्रक्शन या प्रकरणात सभासदांना १९९७ मध्ये ताबा मिळाला, परंतु भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरास योग्य असल्याचा स्थानिक प्राधिकरणाचा दाखला, नसल्यामुळे संस्थेला मालमत्ता कर २५ टक्के, तर पाणीपट्टी ५० टक्के जादा दराने भरावी लागली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तक्रार मुदतबाह्य ठरवून फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी तो आदेश रद्द करताना, प्रमाणपत्र न मिळवणे ही सेवेतील त्रुटी असून मुदत कायद्याच्या कलम २२ नुसार ते चालू राहणारे अपकृत्य आहे, म्हणजे कर्तव्य पूर्ण होईपर्यंत मुदत क्षणोक्षणी नव्याने सुरू होते, असे स्पष्ट केले आणि प्रकरण गुणवत्तेवर सुनावणीसाठी आयोगाकडे परत पाठवले.

या निर्णयाच्या आधारे सर्वच शुल्क प्रवर्तकाच्या माथी मारण्याचा मोह वकिलांनी टाळावा, कारण लिफ्ट, पाणी आणि पहारा यांचा प्रत्यक्ष वापर करणाऱ्या रहिवाशाने त्यांचा वाजवी खर्च देणे न्याय्यच आहे आणि रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायदा, याचे कलम १९ देखभाल खर्चातील वाटा खरेदीदाराकडेच सोपवते. त्याच कलमानुसार भोगवटा प्रमाणपत्रानंतर दोन महिन्यांत ताबा घेणे हेही त्याचे कर्तव्य आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळूनही ताबा लांबवणाऱ्याची बाजू दुबळी ठरते. प्रमाणपत्राअभावी बसणारा जादा भार मात्र प्रवर्तकाकडून मागता येतो. म्हणून तक्रारीत नियमित खर्च आणि जादा आकारणी यांच्या मागण्या वेगळ्या मांडाव्यात, किल्ल्या, प्रमाणपत्र आणि संस्थेकडे कारभार सुपूर्द होणे या तिन्ही तारखा स्वतंत्रपणे नोंदवाव्यात आणि पालिकेची वर्षनिहाय बिले पहिल्याच दिवशी जोडावीत.