पाटी आणि बिऱ्हाड

घरातील मुलगा किंवा मुलगी संगणकशास्त्र शिकत असेल आणि मेजावर ॲपलचा मॅक असेल, तर हा प्रसंग वाचकांना अपरिचित नसावा. रात्री कार्यप्रणालीची नवी आवृत्ती हौसेने चढवली जाते. सकाळी, नेमक्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी, ‘गिट’ चालत नाही. विकसक साधनांचा मार्ग अवैध आहे, एवढेच टर्मिनल सांगते. केलेले सारे काम बुडाले, या कल्पनेने मूल रडकुंडीला येते. वस्तुतः त्याच्या फाइली जागच्या जागी असतात. गेलेली असतात ती हत्यारे.

या हत्यारांच्या संचास ‘कमांड लाइन टूल्स’ म्हणतात. तो कार्यप्रणालीचा भाग नव्हे. तो वेगळा बसवावा लागतो, आणि मोठ्या बदलात कधी नाहीसा होतो, कधी जुनाच राहतो.

तो आहे की नाही हे पाहावे कसे? येथेच पुष्कळांची फसगत होते. गिट, क्लँग, पायथन ३ ही नावे मॅकच्या मूळ कप्प्यात नेहमीच दिसतात. परंतु ती केवळ दारावरची पाटी होय. हाक मारली की ती आतल्या खऱ्या साधनाकडे बोट दाखवते. बिऱ्हाड उठून गेले तरी पाटी तशीच! म्हणून नाव शोधून समाधान मानू नये. ‘एक्सकोड-सिलेक्ट’ या आज्ञेस ‘-पी’ जोडले की साधनांचा पत्ता मिळतो खरा, पण तेथील सामान शाबूत असल्याची ग्वाही त्यातून मिळत नाही. गिटला किंवा क्लँगला त्याची आवृत्ती विचारावी. आकडा आला तर साधन नांदते आहे.

उत्तर न आल्यास त्याच आज्ञेस ‘--इन्स्टॉल’ जोडावे. ही सोय २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून आहे. संपूर्ण एक्सकोड उतरवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो खुशाल बाजूस ठेवावा. एवढ्या कामासाठी कित्येक गीगाबाइटांचा तो पसारा कशाला? साधने आधीच बसवलेली आहेत असे उत्तर आले, तर ‘सॉफ्टवेअर अपडेट’मध्ये त्यांची नवी आवृत्ती आली आहे का, ते पाहावे.

पायथन २ ची गोष्ट मात्र निराळी. मार्च २०२२ मधील १२.३ या आवृत्तीपासून ॲपलने ते मॅकमधून काढूनच टाकले आहे. जुने अभ्यासक्रम त्यावर अडून असतील, तर हा संच पुन्हा बसवूनही ते परत येणार नाही.