घर सुटले, हप्ता सुटला नाही

गोळ्या नियमित घेऊनही ज्यांचा रक्तदाब ठरावीक दिवसांतच चढतो, अशा ज्येष्ठांना मी मीठ, लोणचे आणि झोपेची चौकशी झाल्यावर तारखा विचारतो. कफ परेडच्या मच्छीमार नगरातील एका मावशींच्या वहीत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वरचा आकडा 170 च्या पुढे असे. एरवी 140 च्या आत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

“पाच तारखेला काय असते, मावशी?”

“जावयाच्या बोटीचा हप्ता, डॉक्टर.”

मारहाणीला कंटाळून मुलगी दीड वर्षापूर्वी माहेरी आली होती. बोटीच्या कर्जावर मात्र सहकर्जदार म्हणून तिची सही होती. जावई हप्ता थकवी आणि निरोप धाडी, “पैसे देऊन तिलाच पाठवा.” वाद नको म्हणून मावशी मासळीच्या पाटीवर मिळवलेले पैसे स्वतः त्याच्या हाती नेऊन ठेवीत. पैसे बँकेत पोहोचले का, याची पावती एकदाही मिळाली नव्हती. अशा वेळी गोळीची मात्रा वाढवून फारसे काही साधत नाही.

मुलीचा संसार मोडला की आईवडील मुकाट्याने ठेव मोडतात. माझ्या मते ही घाई टाळावी. आधी कर्जखात्याचा उतारा लेखी मागवावा. पतीपत्नी वेगळी झाली, अगदी घटस्फोट झाला, तरी बँकेच्या दृष्टीने सहकर्जदार जबाबदारच राहतो. म्हणून हप्ता एकदम बंद करणेही धोक्याचे. भरायचाच असेल तर थेट कर्जखात्यात भरावा आणि पावती जपावी. रोख रक्कम त्या माणसाच्या हाती देऊ नये. त्या निमित्ताने होणारी प्रत्येक भेट जुनी दहशत पुन्हा जागी करते, आणि मग रात्रीची झोप जाते ती मुलीचीही व आईचीही.

संयुक्त खाते हा दुसरा धागा. त्याच्या उताऱ्यावरून मुलगी कोणत्या एटीएममधून पैसे काढते, म्हणजे कोणत्या भागात राहते, हेही कळू शकते. तिने स्वतंत्र खाते उघडावे, जुन्या खात्यातील व्यवहार थांबवण्याची लेखी विनंती बँकेला करावी, खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक व पासबुकावरील पत्ता तपासावा. विम्यावर आणि ठेवींवर वारस म्हणून कोणाचे नाव आहे तेही पाहावे. ते आपोआप बदलत नाही.

दागिन्यांविषयी आजही संकोच दिसतो. स्त्रीधनावर पत्नीचाच पूर्ण हक्क असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच स्पष्ट केले आहे. ते सासरी राहिले किंवा गहाण पडले, तरी मागता येते.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचारच मानला आहे. त्याच्या कलम 18 खाली संयुक्त खाते, लॉकर किंवा स्त्रीधन परस्पर हाताळण्यास न्यायालय पतीला मनाई करू शकते. निर्वाहाची रक्कम पती देत नसेल, तर त्याच्या मालकाने किंवा त्याचे पैसे देणे लागणाऱ्याने ती परस्पर पत्नीला द्यावी, असा आदेशही कलम 20 खाली होऊ शकतो. कोळीवाड्यात हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे, कारण बोटवाल्याला पगार नसला तरी मासळी उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडे त्याचे पैसे येणे असतात. शिवाय 2020 पासून निर्वाहाच्या दाव्यात दोन्ही पक्षांना मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ‘माझ्याकडे काही नाही’ एवढे तोंडी सांगून भागत नाही.

वकिलाच्या खर्चाची धास्ती नको. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत साहाय्य मिळते. महिला मदतवाहिनीचा क्रमांक 181 आहे. महापालिकेच्या काही रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्रे आहेत. तेथे समुपदेशन मिळते, आणि दुखापतीची वैद्यकीय नोंदही त्याच रुग्णालयात करून घेता येते.

घरातील ज्येष्ठांनी एवढे करावे: सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून तारखेसह लिहावा, त्याचा फोन येऊन गेल्यावर लगेच मोजू नये, आणि आकडा उतरला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. पुढच्या वेळी ती वही आणाल तेव्हा मुलीलाही सोबत आणा. तिचा रक्तदाब बहुधा कोणीच मोजलेला नसतो.