न्हाणीघरातील पाट

'घर पाहावे बांधून' ही म्हण आता मागे पडत चालली आहे. बिदर, भालकी, कलबुर्गीकडील आपली माणसेही हल्ली तयार सदनिका पाहून घेऊ लागली आहेत. अशीच एक सदनिका दाखविण्यास आमचे एक स्नेही आम्हांस घेऊन गेले. न्हाणीघराच्या दारात विक्रेत्याने विचारले, "टब बसवू की नुसता शॉवर?" स्नेह्यांच्या मातोश्री ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी उलट विचारले, "आणि पाट कुठं ठेवायचा, बाबा?"

विक्रेता हसला. आम्हांस मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेववेना.

स्नानाचा थाट या मुलुखाला नवा नाही. बिदरच्या किल्ल्यातील शाही हमामाच्या वास्तूत आज पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. परंतु त्याच बहामनी काळात नौबादेजवळ जमिनीखालून पाणी आणणारा कारेझ खोदला गेला, हेही विसरता कामा नये. जांभ्या दगडाच्या या पठारावर पाण्याची तजवीज आधी करावी लागते, स्नानाचा थाट मागाहून.

आता साधा हिशेब पाहू. टब भरावयास दीडशे लिटरच्या आसपास पाणी लागते. साधा शॉवर मिनिटास आठ-दहा लिटर सोडतो; दहा मिनिटे रेंगाळलो तर शंभरीच्या घरात गेलो. दोन बादल्यांत मात्र तीस-चाळीस लिटरांत स्नान उरकते. शहरी घरासाठी भारतीय मानकाने माणशी रोजचे १३५ लिटर पाणी धरले, त्यात स्नानाचा वाटा ५५ लिटरांचा. म्हणजे टब त्या मापात बसत नाही, आणि शॉवर बसतो तो घाई असलेल्यांचा. २०१६ साली शेजारच्या लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिलेच आहे.

तथापि प्रश्न केवळ पाण्याचा नाही. आपल्या घरी बंब तापे, घंगाळात पाणी विसावले जाई आणि न्हाणारा पाटावर बसे. दिवाळीचे अभ्यंग बसल्याशिवाय होत नाही. तान्ह्या बाळाला पाय लांब करून बसलेल्या आजीच्या पायांवरच न्हाऊ घालतात. गुडघे धरलेल्या वृद्धेस शॉवरखाली उभे राहणे अवघड, आणि टबाचा काठ ओलांडणे त्याहून अवघड. मग तिला दुसऱ्याच्या हातून न्हावे लागते. ज्या माउलीने घरादारास न्हाऊ घातले, तिला याचा संकोच किती वाटत असेल!

म्हणून घर घेणाऱ्या वाचकांस आमची विनंती आहे. तरुणांसाठी शॉवर अवश्य असावा. परंतु फरशी बसण्यापूर्वीच विक्रेत्यास सांगावे, की बादलीच्या उंचीवर गरम व थंड पाण्याच्या तोट्या हव्यात, पाट मावेल एवढी मोकळी जागा हवी, न घसरणारी फरशी हवी आणि उठताना धरावयास भिंतीत भक्कम दांडा हवा. हा खर्च टबाच्या मानाने किरकोळ आहे.

आमच्या स्नेह्यांनी तसे करून घेतले. टबाची जागा मोकळीच ठेवली असून मातोश्रींचा जुना सागवानी पाट आता तेथे आहे. त्या अजून आपले आपण न्हातात.