आधी सभा, मग कामं
आंबील ओढ्याकाठच्या रहिवाशांचा जाहीरनामा

आम्ही आंबील ओढ्याच्या दोन्ही काठांवर राहणारी माणसं आहोत. कुणी सहकारनगरच्या सोसायटीत राहतं, कुणी पद्मावतीच्या चाळीत, कुणी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत. पुणे महापालिकेसाठी 2017 नंतर थेट जानेवारी 2026 मध्ये मतदान होतं आहे. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली, तेव्हापासून या निवडणुकीपर्यंत शहराचा कारभार प्रशासकाकडे राहिला. आमचे प्रश्न सभागृहात मांडायला इतकी वर्षं कुणीच नव्हतं. या निवडणुकीत आम्ही आमच्यातलीच एक उमेदवार उभी करतो आहोत. हा तिचा जाहीरनामा आहे आणि तिला उभं करणाऱ्या चळवळीचाही.

आमची पहिली मागणी क्षेत्रसभेची आहे. रस्ता, बाग, दिवे यांचा नंबर तिच्यानंतर.

महानगरपालिका कायद्यात 2009 मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली. मतदान केंद्रांच्या हिशेबाने पाडलेल्या लहान भागातल्या सगळ्या मतदारांनी एकत्र बसायचं, कामं सुचवायची, कुठलं आधी आणि कुठलं नंतर ते ठरवायचं, आणि सभा नगरसेवकाने घ्यायची, अशी ती तरतूद आहे. गावाला ग्रामसभा आहे, तशी शहराला ही. आमच्या भागात ती भरलेली आम्ही कधी पाहिली नाही. चार सदस्यांच्या प्रभागात तर जाब कुणाला विचारायचा हेच कळत नाही. पाण्यासाठी एकाकडे जावं, तर तो दुसऱ्याकडे पाठवतो.

आमची उमेदवार निवडून आली तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सभा घेईल. ती मांडवात किंवा हॉलमध्ये होणार नाही, ज्या गल्लीचा प्रश्न त्या गल्लीत होईल. प्रभागातल्या कामांसाठी नगरसेवक अंदाजपत्रकात जी 'स' यादी देतात, ती आधी या सभेत वाचली जाईल आणि सभेने मान्य केल्याशिवाय पुढे जाणार नाही. वर्षअखेरीला एका कामाचा निधी वर्गीकरण करून दुसऱ्या कामाला वळवायचा असेल, तर तेही इथेच विचारलं जाईल. पुण्यात नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक 2006-07 पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून कामं सुचवता येतात. पण अर्ज दिल्यावर त्याचं काय झालं, हे घरी येऊन कुणी सांगत नाही. आमच्या सभेत प्रत्येक अर्जाचं उत्तर मोठ्याने वाचलं जाईल, नकार असला तरी.

आता पायाखालचं बोलू. आमच्या मुख्य रस्त्यावरचा पदपथ एके ठिकाणी गुडघ्याएवढा उंच आहे. चार पावलांवर विजेचा फीडर पिलर मधोमध उभा, त्यापुढे दुकानाचा जिना, त्यापुढे उखडलेले पेव्हिंग ब्लॉक. दवाखान्यात निघालेल्या आजी तिथे पोचल्या की काठी आधी खाली टेकवतात, मग दुकानाच्या शटरला धरून रस्त्यावर उतरतात, आणि मागून पीएमपीची बस हॉर्न देत येते. पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पदपथावर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची 150 मिलिमीटरहून जास्त नको. म्हणजे काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमची उमेदवार टेप घेऊन प्रत्येक पदपथ मोजेल आणि ती मापं चौकात लावेल. नवे सुशोभीकरण प्रकल्प तोवर थांबतील. पथारीवाल्यांना हुसकावून मात्र आम्हाला पदपथ मोकळे करायचे नाहीत. 2014 चा फेरीवाला कायदा त्यांना जागा देतो, ती आखून द्यायची.

कामाच्या पाटीवर 'यांच्या संकल्पनेतून' असं लिहून आमच्या उमेदवाराचं नाव आणि फोटो लागणार नाही. पाटीवर खर्च, ठेकेदार, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो हे असेल. डांबर सहा महिन्यांत उखडलं, तर दुरुस्ती कुणाच्या खर्चाने व्हायला हवी, हे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे.

ओढ्याबद्दल आम्ही तडजोड करणार नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या बाजूने आलेलं पाणी आमच्या घरांत शिरलं, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. शहरात आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली. पाऊस प्रचंड होता हे खरं, पण ओढ्याला जागा उरली नव्हती हेही तितकंच खरं आहे. त्याच्या पात्रात यापुढे भराव, स्लॅब, अरुंद मोऱ्या नकोत. पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईत किती गाळ निघाला आणि तो कुठे टाकला, हे मे महिन्याच्या सभेत सांगावं लागेल. आणि ओढा रुंद करायचा म्हणून गरिबाचं घर आधी पाडायचं, हे चालणार नाही. जून 2021 मध्ये दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत कारवाई झाली, संसार भर पावसाळ्यात रस्त्यावर आले आणि न्यायालयाने स्थगिती दिली तेव्हा ती थांबली. आधी जवळच पर्यायी घर, त्याची चावी हातात, मगच जागा मोकळी, हा क्रम आम्ही लावून धरू.

आमचा कचरा दारातून नेणाऱ्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या ताईंना या प्रभागात वर्गीकरणासाठी छप्पर असलेली, नळ आणि स्वच्छतागृह असलेली शेड मिळेल. आपण सगळ्यांनी ओला-सुका वेगळा द्यायचा, आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ते पुडकं हाताने उघडावं लागत नाही. एवढं आजपासून करायला नगरसेवक लागत नाही.

पाण्याचं थोडक्यात: 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस (गुलेन-बॅरे सिंड्रोम) या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याच्या संशयाने पाणी तपासायला धावपळ झाली. आम्हाला दर महिन्याचा क्लोरीनचा आणि जंतुतपासणीचा अहवाल टाकीवर लावलेला हवा, टँकरच्या पाण्याचाही.

पहिली सभा निकालाची वाट पाहणार नाही. उमेदवार जिंको वा हरो, ती येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ओढ्याकाठी भरेल. येताना आपल्या गल्लीतल्या खचलेल्या चेंबरचा, बंद दिव्याचा, फुटलेल्या ड्रेनेजचा फोटो आणा, आधी केलेल्या तक्रारीचा क्रमांक असेल तर तोही. कामावर जाणाऱ्या बायांना उशीर होऊ नये म्हणून त्यांचे प्रश्न सगळ्यात आधी घेतले जातील.