नळ दारात आला, सांडपाणी मात्र रस्त्यावरच

नांदेड : दिवाळी होऊन गेली तरी गल्लीतला चिखल वाळत नसेल तर तो पावसाचा नसतो, मोरीचा असतो. जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात फिरा, नव्या नळाची तोटी आणि तिच्यासमोरचं डबकं ही जोडी बऱ्याच गावांत दिसते.

जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं. माणशी रोज 55 लिटर पाणी घरात द्यायचं असं त्यात ठरलं. पाच माणसांचं घर धरलं तर 275 लिटर. यातलं साधारण 70 ते 80 टक्के पाणी अंघोळ, धुणं, भांडी करून परत बाहेर पडतं. म्हणजे घरटी रोज 200 लिटरच्या आसपास. दोनशे उंबऱ्यांच्या गावात पाणी पुरेपूर आलं तर हेच 40 हजार लिटर होतं. दहा हजारी टँकरचे चार टँकर, आणि तेही रोज. पाणी आणायची योजना झाली, पण हे जायचं कुठं याचा विचार मागंच राहिला.

पूर्वी हा प्रश्न एवढा मोठा नव्हता, त्याचं कारण काही फार अभिमानाचं नाही. बाईमाणूस डोक्यावर हंडा आणायची, त्यामुळं घरात पाणीच कमी यायचं. जे सांडायचं ते परसातल्या केळीला, अळूला मिळायचं. आता परसाच्या जागी खोली निघाली, अंगणात फरशी बसली आणि न्हाणीचा पाइप सरळ रस्त्यावर निघाला. मग ते पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं आणि भांडण सुरू होतं. किती तरी भावकीत बांधाच्या खालोखाल वाद असतो तो मोरीच्या पाण्याचाच.

यावर गावाला सुचणारा पहिला उपाय म्हणजे नाली. ग्रामपंचायतीला काम दाखवता येतं, ठेकेदाराला बिल काढता येतं. पण नाली पाणी जिरवत नाही, पुढं ढकलते. उतार चुकला तर ते मध्येच तुंबतं, गुटख्याच्या पुड्या आणि शाम्पूच्या पाकिटांनी तोंड बंद होतं. उतार बरोबर असला तर ते ओढ्याला जातं, आणि ओढ्याच्या काठाला खालच्या गावाची पाणीपुरवठ्याची विहीर असते. आपली गल्ली कोरडी झाली म्हणून ते पाणी संपलं असं होत नाही.

दुसरा रस्ता याच जिल्ह्यानं दाखवलेला आहे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीत घरोघरी शोषखड्डे झाले, उघड्या नाल्या गेल्या आणि डासमुक्त गाव म्हणून त्याचं नाव झालं. पुढं हाच 'नांदेड पॅटर्न' रोजगार हमीतून इतरत्र गेला. काम अवघड नाही. साधारण चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. पाणी टाकीत पडतं, गाळ तळाला बसतो, पाणी भोकांतून जमिनीत मुरतं. फक्त जागा बघावी लागते. मुखेड-कंधारकडच्या हलक्या, मुरमाड रानात खड्डा लवकर पितो. गोदाकाठच्या काळ्या जमिनीत मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तो भरून वर येतो. आड किंवा बोअर जवळ असेल तर तिथं खड्डा घेऊच नये.

पण खड्डा खोदला म्हणजे झालं, हाच समज नडतो. तो जगतो की मरतो हे घरातल्या मोरीवर ठरतं. खरकटं आणि भाताची शितं आत गेली की तळ कुजतो. तेलकट कढई तशीच विसळली की तेलाचा थर दगडांना धरतो आणि पाणी मुरायचं थांबतं. म्हणून कढई आधी कागदानं पुसायची, खरकटं जनावराला, कोंबड्यांना टाकायचं, मोरीच्या तोंडाला जाळी लावायची, खड्ड्याआधी गाळ बसायला छोटा चेंबर ठेवायचा आणि तो आठवड्याला उपसायचा. राखेनं भांडी घासणं चांगलंच, पण ती राख खड्ड्यात गेली तर तोही बुजतो. संडासाचं पाणी तर यात सोडायचंच नाही. ही सगळी कामं घरातल्या बायकांच्या हातची आहेत आणि खड्डा कुठं, कसा हे ठरवणाऱ्या ग्रामसभेत त्यांना विचारलं जात नाही. खड्डे बंद पडण्याचं अर्धं कारण इथंच आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शोषखड्ड्यानं घाण पाण्यातले डास कमी होतात, डेंग्यूचा डास मात्र साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नळ चार-आठ दिवसांनी येत असेल तर लोक टाक्या, रांजण भरून ठेवणारच. ती भांडी झाकली नाहीत आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी केली नाहीत तर गल्ली कितीही कोरडी असली तरी ताप येणारच.

पैशाची अडचण असते असं सरपंच सांगतात. ती अगदीच खोटी नाही, पण पूर्ण खरीही नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद ठेवली होती. दोन हजार वस्तीला हिशोब पाच लाख साठ हजारांपर्यंत जातो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 30 टक्के वाटाही स्वच्छतेसाठी बांधलेला होता. आपल्या गावात तो किती आला आणि नालीवर किती गेला, हे ग्रामसभेत कुणालाही विचारता येतं.

तरतूद नसते ती दुरुस्तीला. दोन-चार वर्षांत टाकी गाळानं भरते, ती उपसावी लागते, दगड काढून धुवावे लागतात. तोपर्यंत गल्लीत पेव्हर ब्लॉक बसलेले असतात. खड्ड्याचं झाकण त्याखाली गेलेलं असतं आणि खड्डा नेमका कुठं होता हे घरमालकालाही आठवत नाही. मग पाइप पुन्हा रस्त्यावर काढला जातो.